लाटांवरची रबरी नाव

ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्यांत सुटीच्या दिवशीं लाल-पिवळ्या टोप्या घातलेले तरुण-तरुणी पाण्याकडे नजर लावून बसलेले दिसतात. हे पगारी नोकर नव्हेत. कोणी विद्यार्थी, कोणी कारकून, कोणी सुतार. आपली सुटी ते अनोळखी माणसांचे प्राण राखण्यांत घालवितात. यांच्या मंडळांची मध्यवर्ती संस्था १९०७ सालीं सिडनी येथें स्थापन झाली. नंतर पुष्कळ वर्षें यांचीं साधनें म्हणजे रहाटावर गुंडाळलेला लांब दोर आणि वल्ह्यांची होडी. एवढ्यावरही त्यांनीं केलेलें काम थोडें नाहीं. ६ फेब्रुवारी १९३८ रोजीं बाँडी येथें लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनीं शेंकडों माणसें खोल पाण्यांत ओढलीं गेलीं. पांच दगावलीं; बाकीचीं वांचलीं.

१९६९ सालीं सिडनीजवळ ॲव्हलॉन येथें वॉरन मिचेल यांनीं हवा भरलेली रबरी नाव या कामीं आणली. लांबी सुमारें बारा फूट, मागें पंचवीस-तीस अश्वशक्तीचें इंजिन आणि आंत दोनच माणसें, चालक व त्याचा सोबती. लोक तिला कौतुकानें ‘रबरी बदक’ म्हणतात.

बदक असलें तरी तें मोठें अवखळ आहे. म्हणून चालकाच्या शिक्षणाचा मोठा भाग वेग आवरण्याचाच असतो. मी जन्मभर शाळा केली; मुलांना धांवावयास शिकविणें सोपें, थांबावयास शिकविणें फार कठीण, हा माझा अनुभव.

बाहेर पडतांना चालक किनाऱ्याजवळच्या फेसांत नाव फिरवीत वाट पाहतो. लाटा थव्याथव्यानें येतात. मोठा थवा ओसरला कीं मध्यें थोडी उसंत मिळते, तीच साधावयाची. तरीही लाट आडवी आलीच तर नावेचें नाक थेट तिच्यावर धरलें पाहिजे. नाव आडवी सांपडली तर ती उलटण्यास वेळ लागत नाहीं. सोबती आपला भार पुढें टाकतो, आणि लाटेच्या माथ्यावर येतां येतां चालक गतीची मूठ ढिली करतो. त्यानें ती केली नाहीं तर नाव हवेंत उडते व धाडकन् खालीं आदळते. तोल राहावा म्हणून सोबत्याचें पाऊल तळाच्या पट्ट्यांत अडकविलेलें असतें. अंग एकीकडे फेंकलें जातें, पाऊल तेथेंच राहतें! घोट्याचीं व पावलाचीं हाडें अशा रीतीनें मोडल्याचीं उदाहरणें तेथील डॉक्टरांनीं नोंदविलीं आहेत. चालकाची हौस, आणि भोगणें सोबत्याच्या वांट्याला.

याहून नाजूक वेळ बुडणाऱ्याजवळ पोंचल्यावर येते. तो भयानें हातपाय झाडीत असतो, आणि त्याच पाण्याखालीं इंजिनाचा पंखा असतो. पंख्याभोंवतीं संरक्षक कडें बसवितात. पण त्याच्या भरंवशावर राहून चालत नाहीं. माणूस हाताशीं येतांच पंखा थांबला पाहिजे व तो नावेंत येईपर्यंत थांबलेलाच राहिला पाहिजे. अशा मोटारनावांसाठीं एक छोटी दोरी मिळते. तिचें एक टोंक चालकाच्या अंगाला बांधलेलें असतें. तो पाण्यांत पडला कीं ती निसटून इंजिन बंद पडतें. ही दोरी बांधण्याचा आळस करणाऱ्याच्या हातीं नाव देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. परततांना लाटेच्या पाठीवर राहावयाचें. तिच्या पुढें धांवलें तर नाक पाण्यांत घुसतें.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यामागें उडी घेणारा भाऊ किंवा मित्रही बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतों. धैर्य त्यांच्यापाशीं उणें नसतें, तयारी नसते. ऑस्ट्रेलियांतील तो कारकून आधीं पोहण्याची व जीवरक्षणाची परीक्षा देतो, नंतर सोबती म्हणून शिकतो, आणि मग चालकाच्या जागीं बसतो. रोज पाण्यांत उतरण्यापूर्वीं तो हवा, इंधन व पट्टे स्वतः तपासतो. काम संपल्यावर, थकलेला असला तरी, इंजिन गोड्या पाण्यानें धुऊन ठेवतो.