कोशकार आणि वादग्रस्त पेढी

कोशांतील लेख वाचणारा मनुष्य सहसा पुरावा मागत नाहीं. वर्तमानपत्रांतील मजकूर तो संशयानें वाचतो, वकिलाचें भाषण वकिलाचें म्हणून ऐकतो. परंतु कोशांत छापलेली ओळ मात्र निवाड्यासारखी स्वीकारतो. म्हणूनच ज्या व्यापारी संस्थेविषयीं लोकांत दोन तट पडलेले आहेत, तिच्यावर कोशांत लेख लिहिणें मोठें जोखमीचें काम ठरतें. याचा एक नमुना धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाला अगदीं लागून आहे. तो म्हणजे हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी.

ही पेढी १८१४ च्या सुमारास निघाली. पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट असलेला जनरल पामर आणि फैजबख्श बेगम यांचा पुत्र विल्यम हा तिचा मुख्य. भागीदारांत बंकटीदास हा गुजराथी सावकार होता. पुढें सर विल्यम रंबोल्डहि आला. या रंबोल्डची पत्नी गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याची पालित कन्या. सरकारच्या संमतीवांचून एतद्देशीय संस्थानिकांना कर्ज देण्यास इंग्रज प्रजाजनांना १७९७ च्या कायद्यानें मनाई होती. ती संमति हेस्टिंग्जनें १८१६ मध्यें दिली. निजामाच्या फौजेच्या पगाराला पेढी पैसा पुरवी आणि त्याबदलीं मुलखाचा वसूल लावून घेई. व्याज शेंकडा २५ पर्यंत. १८२० मध्यें साठ लाखांचें नवें कर्ज मंजूर झालें. त्याच वर्षीं रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेटकाफनें हिशेब चाळले, तेव्हां साठांपैकीं आठ लाख निजामाच्या हातीं पडलेच नाहींत, ती पेढीची नुसती बक्षिसी आहे, असा त्याचा आरोप झाला. उत्तर सरकार प्रांतांबद्दल ईस्ट इंडिया कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. १८२३ मध्यें ती कायमची मोडून एक कोटीहून अधिक रक्कम एकदम देण्यांत आली व तींतून पामरचें देणें वारलें. पुढच्याच वर्षीं पेढी बुडाली.

आतां कोशकारानें भिस्त कोणाच्या कागदांवर ठेवावी? ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढें मांडलेले या व्यवहाराचे कागद १८२४ मध्यें लंडनला छापले गेले. के या ग्रंथकारानें मेटकाफचें चरित्र १८५४ मध्यें प्रसिद्ध केलें. दोन्ही साधनें इंग्रजी, छापील आणि हाताशीं असलेलीं. घाईच्या लेखकाला एवढें पुरे होतें, आणि मग एकहि खोटें वाक्य न लिहितां लेख फिर्यादीच्या बाजूचा होतो.

दुसरा साक्षीदार धाराशिवकरांच्या ओळखीचा आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं नळदुर्गचा किल्ला पाहिला असेल, त्यांनीं कर्नल मेडोज टेलरचें नांव ऐकलें असेलच. १८५३ पासून हा जिल्हा त्याच्याकडे होता. त्याच्या ‘तारा’ कादंबरीचा आरंभहि तुळजापुरांतच होतो. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्यें निघालेल्या आत्मचरित्रांत पामरच्या घरचें आतिथ्य आणि तेथें जमणारी देशी व युरोपीय मंडळी यांचें मोठ्या प्रेमानें वर्णन आहे. परंतु टेलर हा पामरचा जावई! त्याची साक्ष घ्यावी, नातेंहि लिहावें. अगदीं अलीकडे, २०१३ मध्यें, कॅरन लेनर्ड या विदुषीनें ही पेढी मुळांत हिंदी सावकारी पद्धतीची होती, इंग्रजी कागदांनीं तिला परक्या सट्टेबाजांचें रूप दिलें, असें प्रतिपादन केलें.

तर मग दोन्ही पक्षांना सारख्या ओळी वांटून द्याव्या काय? तसें केल्यानें न्याय होत नाहीं. पंचवीस टक्के लंडनला भयंकर वाटले. हैदराबादच्या इतर सावकारांचे दर त्याच्या आसपासच होते, हें सांगितल्याशिवाय तो आंकडा वाचकाला फसवतो. आठ लाखांचें मात्र तसें नव्हे. त्यांना बाजारभावाचा दाखला लागू पडत नाहीं, आणि तो आरोप दरांच्या चर्चेंत बुडवून टाकणें म्हणजे पेढीची वकिली करणें होय.

केवळ वाक्यांच्या शेजारानेंहि अन्याय होतो. १८५३ च्या तहानें निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव इंग्रजांच्या ताब्यांत द्यावें लागलें. शेवटचे दोन १८६० मध्यें परत मिळाले. पामरच्या लेखांत हें वाक्य कर्जाच्या पाठोपाठ आलें, तर पामरनें धाराशिव घालविलें असेंच कोणीहि समजेल. वस्तुतः पामरचें देणें तीस वर्षांपूर्वींच फिटलें होतें. १८५३ ची थकबाकी हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची होती. त्या फौजेचा उगम पामरच्या पैशानें पोसलेल्या पथकांपर्यंत पोंचतो, हें खरें. संबंध तेवढाच, आणि तो तेवढाच लिहिला पाहिजे.

कोशाला पैसा कोण पुरवितो, हेंहि विसरूं नये. डॉ. केतकरांचे ज्ञानकोशाचे तेवीस खंड भाग विकून उभारलेल्या मर्यादित कंपनीच्या बळावर निघाले. मराठी विश्वकोशाचा खर्च शासनानें उचलला. भागीदारांची भीड एकीकडे, सरकारची दुसरीकडे.

या सगळ्या कागदांत एक पक्ष मात्र बोलत नाहीं. भागधारकांचीं भाषणें छापलीं गेलीं, मेटकाफचीं पत्रें जपलीं गेलीं, टेलरच्या आठवणी मुलीनें संपादिल्या. ज्या मुलखाचा वसूल पेढीकडे लावून दिला होता, तेथील रयतेचें म्हणणें यांपैकीं कोठेंच नाहीं. तें सांपडलें तर पाटील-कुलकर्ण्यांच्या मोडी दप्तरांतच सांपडेल. तोंवर पामर कंपनीच्या लेखांत तेवढी जागा रिकामी असल्याचें कोशकारानें स्पष्ट छापावें.