सैनिकाचे कसब आणि कागदावरची पात्रता

(सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. सैन्यात माणूस पाठवणे ही इथल्या घराघराची रीत आहे. पोरगा भरतीला निघाला की आपण त्याला हार घालतो. तो धारातीर्थी पडला तर सारा गाव लोटतो. पण तो धडधाकट परत आला तर पुढे पोट कसे भरतो, याची चौकशी करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. मी आज त्या परत आलेल्या माणसाविषयी बोलणार आहे.

शिपाई दर्जाचा जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत असतात, घर अर्धे बांधलेले असते, दुसरी नोकरी धरणे भाग असते. सैन्यात त्याने पंधरा-सतरा वर्षे वाहनांची इंजिने उतरवली, जनित्रे चालवली, बिनतारी यंत्रे दुरुस्त केली किंवा लष्करी इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा केली. बाहेर मात्र तारतंत्र्याला शासनाचा परवाना लागतो. परिचारकाला परिचर्या परिषदेची नोंदणी लागते आणि त्या नोंदणीसाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा केलेला असावा लागतो. सैन्यातला अनुभव तिथे आपोआप जमेस धरला जात नाही. मग हा कसबी माणूस बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा राहतो. रखवालदारीला मी हलके काम मानीत नाही. पण ज्याला यंत्र कळते त्याला दारावर उभे करणे ही समाजाने आपल्याच श्रमशक्तीची केलेली उधळपट्टी आहे.

शासनाला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. मॅट्रिक झालेला आणि किमान १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक केंद्र शासनाच्या ‘क’ गटातील राखीव जागांवर पदवीधराच्या पदाला पात्र धरता येतो, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण जिथे तांत्रिक वा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक मानला आहे, ती पदे त्याच नियमाने वगळली आहेत. म्हणजे तंत्रज्ञ म्हणून आयुष्य झिजवलेल्या जवानाला कारकुनाच्या खुर्चीपर्यंत वाट मिळते, यंत्रशाळेपर्यंत मिळत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न अधिक निकडीचा केला. या योजनेच्या बऱ्यावाईटाची सारी चर्चा मी आज करीत नाही. सेवा चार वर्षांची. तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत तरुणांना पुढे कायम करण्याची तरतूद. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, एवढी तिची रूपरेषा लक्षात घ्या. १५ वर्षांच्या नियमाचा या पोरांना काय उपयोग? पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला उभ्या राहिल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदवीसाठी सेवेतील प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक देण्याची, तसेच कौशल्याचा दाखला देण्याची घोषणा झाली. तिचे स्वागत करू. पण दाखला देणारा एक आणि परवाना देणारा दुसरा. पहिल्याचा कागद दुसऱ्याने मानला नाही, तर तो भिंतीवर टांगण्यापुरताच उरतो.

काही जण म्हणतील, सैन्य ही काही तंत्रशाळा नव्हे. आणि पायदळात रायफल चालवणाऱ्याला कसला दाखला देणार? आक्षेप रास्त आहे. रायफलीला गावात गिऱ्हाईक नाही. म्हणूनच अशा जवानाला सेवेच्या शेवटच्या काळात, पगार चालू असताना, एखादा धंदा शिकवला पाहिजे. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांसाठी अभ्यासक्रम चालवतेच. ही सोय चार वर्षांत परतणाऱ्याला नाकारण्याचे कारण नाही.

यात एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. ती घरी परतणार म्हणून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. त्याने उघडलेली सेवायोजन कार्यालये १९४८ मध्ये सर्व बेकारांना खुली झाली. आपल्या पिढीने ज्या कार्यालयापुढे नाव नोंदवायला रांगा लावल्या, त्याचे मूळ सैनिकाच्या पुनर्वसनात आहे. सैनिकासाठी काढलेली वाट पुढे साऱ्या कष्टकऱ्यांची झाली. आजही तसेच होऊ शकते. वीस वर्षे भिंती बांधणाऱ्या गवंड्याची आणि गॅरेजात वाढलेल्या मेकॅनिकची अडचण हीच आहे: हाताला काम येते, पण कागद नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा झाला. अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याचे तत्त्वही मान्य झाले. ते तत्त्व परवाना देणाऱ्या मंडळांच्या दारापर्यंत नेणे बाकी आहे.

तेव्हा आपली मागणी तीन कलमांत मांडावी. दाखला सेवा संपण्यापूर्वी हाती पडावा. परवाना वा नोंदणी देणाऱ्या प्रत्येक मंडळाने सैन्यातील कोणते काम किती जमेस धरले, ते जाहीर करावे. आणि जिथे काही उणे राहते तिथे तेवढाच भाग शिकवून तेवढ्याचीच परीक्षा घ्यावी. सारा अभ्यासक्रम पहिल्यापासून गिरवायला लावू नये. रुग्णाच्या जिवाशी किंवा विजेच्या तारेशी गाठ असेल तिथे परीक्षा कडक असावी. सूट कुणी मागत नाही, केलेले काम मोजा एवढेच म्हणणे आहे.

मागणीचे पत्रक काढून आपले काम संपत नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील परतलेल्या जवानांच्या घरी जावे. त्याने सैन्यात कोणते काम केले, आज तो काय करतो आणि कोणत्या कागदावाचून त्याचे अडले, या तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात. ती वही घेऊन आपण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि सेवायोजन कार्यालयात जाऊ. पुढच्या बैठकीला येताना भाषण नको, ती वही घेऊन या.