शंभर डॉलरमागे किती?

जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात माझी एकतीस वर्षं गेली. १९७९ ते २००७ या काळातल्या पाच निवडणुका मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिल्या. उमेदवार रस्त्याबद्दल बोलायचे, शाळेच्या खोल्यांबद्दल, पाझर तलावाबद्दल, आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागांबद्दल बोलायचे. पण 'मी निवडून आलो तर तुमचा कर इतका कमी करीन' असं म्हणणारा एकही उमेदवार मला भेटला नाही. बोलणार तरी कसा? परिषदेच्या तिजोरीत येणारा बहुतेक पैसा वरून, शासनाकडून येतो. स्वतःचा म्हणावा असा सेस फंड आपला थोडकाच. घरपट्टी घेते ती ग्रामपंचायत. म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याच्या राजकारणात प्रश्न असतो तो एवढाच, की आलेला पैसा कुठल्या गावाकडे वळवायचा.

ही पार्श्वभूमी सांगितली, कारण २०११ च्या शरद ऋतूत मी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लाउडन काउंटीत मुलीकडे राहायला गेलो, तेव्हा तिथली निवडणूक मला अगदी उलट्या टोकाने भेटली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. लाउडन ही वॉशिंग्टनच्या पश्चिमेला साधारण पन्नास किलोमीटरवर. तिचा कारभार 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' नावाचं नऊ जणांचं मंडळ पाहतं. आठ जण आठ विभागांतून आणि अध्यक्ष साऱ्या काउंटीतून निवडून येतो. मुदत चार वर्षांची. त्याच मतपत्रिकेवर शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुखही निवडायचा आणि खजिनदारही! खजिनदार लोकांच्या मतांवर निवडून येतो, ही गोष्ट आमच्या विभागात सांगितली असती तर चहाचे कप खाली ठेवले गेले असते.

त्या वर्षी ८ नोव्हेंबरला मतदान होतं. ऑक्टोबरात दारावर रिपब्लिकन पक्षाच्या एका उमेदवाराचं पत्रक आलं. स्वतःची ओळख त्याने 'कॉन्झर्व्हेटिव्ह' अशी ठळक अक्षरात करून दिली होती. आपल्या शब्दकोशात याला 'पुराणमतवादी' म्हणतात. पण पत्रकात पुराण नव्हतं आणि मतंही फारशी नव्हती. होते ते आकडे. शंभर डॉलर किमतीच्या मालमत्तेवर आज कर किती आणि आपण तो किती करू, हे पहिलं कलम. मग खर्चाला कात्री, व्यवसायाचे परवाने झटपट, रेल्वेआधी रस्ते, जमीनमालकाचा हक्क आणि बेकायदा स्थलांतरितांबाबत कडक धोरण.

मी ते पत्रक जुन्या सवयीने, हातात पेन्सिल घेऊन वाचलं.

पहिलं कलम समजायला तिथल्या कराची रीत समजून घ्यावी लागते. दर वर्षी १ जानेवारीला तुमच्या घराची बाजारातली किंमत काय, हे काउंटी ठरवते. त्या किमतीवर शंभर डॉलरमागे ठरलेल्या दराने कर. दोन हप्ते, जून आणि डिसेंबरमध्ये. २०१२ साली हा दर १ डॉलर २३.५ सेंट होता. समजा, घराची किंमत ४ लाख डॉलर, तर वर्षाचा कर झाला ४,९४० डॉलर. ज्याला हे बिल भरायचं आहे तो माणूस उमेदवाराच्या सभेत घोषणा ऐकायला जात नाही, दर विचारायला जातो. यातली एक मेख मला फार आवडली. दर तोच ठेवला, पण घरांच्या किमती वाढल्या, तर बिल आपोआप फुगतं. व्हर्जिनियाच्या कायद्याने यालाही करवाढ मानलं आहे. अशा वेळी मंडळाला जाहीर सूचना छापून लोकांना सांगावं लागतं की दर बदलला नसला तरी तुम्ही जास्त भरणार आहात. 'आम्ही कर वाढवला नाही' असं म्हणून हात झटकायची सोय नाही.

आता खर्चाला कात्री. कात्री लावायची कुठे? काउंटीने गोळा केलेल्या कराचा निम्म्याहून अधिक भाग शाळांकडे जातो. शाळांचं मंडळ वेगळं निवडलेलं असतं, पण त्याला कर बसवायचा अधिकार नाही. पैसा सुपरवायझर देणार, शिकवणार दुसरेच. कर कमी करायचा म्हटलं की शेवटी बोट शाळेपाशीच येऊन थांबतं. त्या काळी लाउडनमध्ये बालवर्ग बहुतेक मुलांसाठी अर्ध्या दिवसाचा होता. शेजारच्या काउंटींत पूर्ण दिवसाचा. माझी नात दुपारी घरी यायची आणि मुलगी-जावई दोघंही नोकरीवर. मी तिथे कशासाठी गेलो होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या घरात आजोबा फुकट मिळाले. शेजारच्या घरात अर्ध्या दिवसाच्या पाळणाघराचे पैसे दरमहा जायचे. त्या घरापुरता कमी दराचा फायदा तिथेच खर्ची पडत होता, फक्त तो काउंटीच्या जमाखर्चात दिसत नव्हता. ज्या घरात लहान मूल नाही त्यांचं गणित अर्थातच वेगळं. समोर एक निवृत्त लष्करी गृहस्थ राहायचे. ते म्हणाले, "निवृत्तिवेतन वाढत नाही आणि घराची किंमत वाढते. मी काय दर वर्षी एक खोली विकू?" त्यांचंही खरंच होतं.

काही कलमं मात्र निवडणुकीपुरती होती, हे कारभार पाहिलेल्या माणसाला लगेच कळतं. व्हर्जिनियात जवळजवळ सगळ्या काउंटींमधले रस्ते १९३२ च्या कायद्यापासून राज्याच्या ताब्यात आहेत. लाउडनमधून विमानतळाकडे जाणारा ग्रीनवे हा १९९५ साली सुरू झालेला खाजगी पथकर रस्ता. त्याचा पथकर ठरवतो राज्याचा आयोग. तरी पथकराविरुद्ध बोलणं प्रत्येक उमेदवाराला भाग असतं. त्यातून तिथे 'डिलनचा नियम' चालतो. आयोवा राज्यातल्या डिलन नावाच्या न्यायाधीशांनी १८६८ मध्ये सांगितलेलं तत्त्व असं, की स्थानिक संस्थेला राज्याने जे अधिकार स्पष्टपणे दिले तेवढेच तिचे. आपल्या १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाखाली काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. स्थलांतरितांच्या कलमाचंही थोडं असंच. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीने २००७ मध्ये, संशय आला तर पोलिसांनी माणसाचे देशात राहण्याचे कागद तपासावेत असा ठराव केला. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तो बदलून अटक झालेल्या सर्वांचीच तपासणी, असं करावं लागलं. खर्च आणि पक्षपाताच्या खटल्यांची भीती, दोन्ही समोर उभे राहिले होते.

पण लाउडनमधलं खरं भांडण जमिनीचं आहे. १९९० साली या काउंटीची लोकसंख्या ८६ हजार होती. २००० साली १ लाख ६९ हजार, २०१० साली ३ लाख १२ हजार. पूर्व भागात घरांच्या ओळीच्या ओळी, पश्चिमेला घोड्यांचे तबेले, द्राक्षमळे, दगडी कुंपणं. आता सांगा, कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाने इथे कुठली बाजू घ्यावी? शेतकरी म्हणतो, जमीन माझ्या बापजाद्यांची, तिचे तुकडे पाडून विकायचा हक्क माझा. मालमत्तेचा हक्क हा तर या विचाराचा पायाच. पलीकडचा घोडेवाला म्हणतो, आहे ते जतन करणं हाच या शब्दाचा मूळ अर्थ. मग माझ्या डोंगराच्या पायथ्याशी वसाहत का? तिसरा, पूर्वेकडचा करदाता, म्हणतो की प्रत्येक नवं घर दोन मुलं घेऊन येतं आणि त्यांच्या शाळेचा खर्च त्या घराच्या करातून भागत नाही. तिघेही एकाच उमेदवाराला मत द्यायला निघालेले!

हा लंबक मग वर्षानुवर्षं हलत राहिला. १९९९ साली वाढ रोखू म्हणणारं मंडळ निवडून आलं. त्याने २००३ च्या जानेवारीत पश्चिमेकडे मोठ्या क्षेत्रामागे एकच घर असा कडक नियम केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी बाजू उलटवली. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच रद्द केला. कारण काय, तर जाहीर सूचना कायद्याप्रमाणे पुरेशी स्पष्ट छापली नव्हती. नोटिशीच्या मसुद्यावर शेरे मारण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटलं, हे लपवत नाही. पुढे तडजोडीचा नियम झाला, २००७ मध्ये पुन्हा वाढ रोखणारे आले आणि २०११ च्या त्या निवडणुकीत नऊच्या नऊ जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या.

विरोधी बाकावर एकही माणूस नाही. आता पत्रकातली कलमं सरसकट अमलात येणार, असं आपल्याला वाटेल. सहा-सात महिन्यांतच परीक्षा आली. वॉशिंग्टनची मेट्रो रेल्वे विमानतळापर्यंत आणि पुढे काउंटीत आणायची की बाहेर पडायचं, हे ४ जुलै २०१२ पूर्वी ठरवायचं होतं. आदल्या दिवशी, ३ जुलैला मतदान झालं. पाच विरुद्ध चार. सगळे एकाच पक्षाचे, सगळे कमी खर्चाचे पुरस्कर्ते, आणि रेल्वे मंजूर झाली! चौघांचं म्हणणं, हा खर्च कधी संपायचाच नाही. पाचांचं म्हणणं, रेल्वे नाही तर कंपन्या येणार नाहीत आणि कराचा भार घरांवरच राहील. तोडगा मात्र त्यांच्या विचाराला शोभेल असाच काढला. स्थानकांभोवती खास करक्षेत्र आखलं आणि तिथल्या मालमत्तांवर शंभर डॉलरमागे २० सेंट जादा कर बसवला. ज्याच्या जमिनीची किंमत रेल्वेने वाढणार, त्याने भरावं. रेल्वे धावायला १५ नोव्हेंबर २०२२ उजाडला, ही गोष्ट वेगळी. प्रकल्प लांबण्यात आपणच पहिले, असं मानायचं कारण नाही.

आणि दर? तो खरंच उतरला. २०२५ साली तो ८०.५ सेंटवर आला होता. पण श्रेय द्यायचं कुणाला, हा प्रश्न उरतो. २०१९ मध्ये मंडळ डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं, तरी दर उतरतच राहिला. त्याचं कारण ॲशबर्न भागातल्या खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारतींत आहे. जगाच्या इंटरनेटचा फार मोठा साठा आणि वाहतूक तिथल्या डेटा सेंटरमधून चालते. त्यांतल्या संगणकांवर वेगळा कर आहे, शंभर डॉलरमागे चार डॉलरच्या वर. यंत्रं जुनी झाली की कंपन्या नवी आणतात आणि कर पुन्हा भरतात. मुख्य म्हणजे संगणकांना मुलं होत नाहीत, त्यामुळे शाळा बांधाव्या लागत नाहीत. कर कमी, शाळा उत्तम, बालवर्गही यथावकाश पूर्ण दिवसाचा. कात्री न लावता कपडा पुरला.

तरी सामान्य घराचं बिल कमी झालं का? समजा, त्याच ४ लाखांच्या घराची किंमत आज ७ लाख आहे. नव्या दराने कर येतो ५,६३५ डॉलर. दर एक तृतीयांशाहून जास्त उतरला आणि बिल सातशे डॉलरने वाढलं. दोन्ही पक्ष पत्रकावर दर छापतात. समोरच्या लष्करी गृहस्थांना मात्र टपालाने बिल येतं.

आता या इमारतींची वीज, त्यांची घरघर आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारांचे मनोरे यांवरून लोक चिडले आहेत. ठरावीक क्षेत्रांत डेटा सेंटर बांधायला आजवर मंडळापुढे यायची गरज नसे. नियमात बसलं की परवानगी मिळालीच. १८ मार्च २०२५ ला मंडळाने ही मुभा काढून घेतली. यापुढे प्रत्येक प्रस्तावावर जाहीर सुनावणी आणि मतदान. जमिनीच्या मालकाने तिचं काय करावं हे सरकारने सांगू नये, असं म्हणणाऱ्या उमेदवाराला आता त्या मनोऱ्यांखाली उभं राहून मत मागायचं आहे. त्याच्या मतदारांतला एक जण जमीन डेटा सेंटरला विकायच्या बेतात आहे, दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यावरून तार जाणार आहे आणि तिसऱ्याला, हा पैसा आटला तर आपला दर पुन्हा सव्वा डॉलरवर जाईल का, ही काळजी आहे. पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. त्या वेळची पत्रकं जपून ठेवायला मी मुलीला सांगून ठेवलं आहे.