ओबरश्टुर्मबानफ्यूरर : एका मधल्या हुद्द्याची हकिकत

आज ज्या हुद्द्याविषयी बोलायचे आहे त्याचे नाव उच्चारतानाच धाप लागते. ओबरश्टुर्मबानफ्यूरर! पण शब्द सुटा केला की तो सोपा होतो. 'ओबर' म्हणजे वरचा, 'श्टुर्म' म्हणजे वादळ किंवा हल्ला, 'बान' म्हणजे पथक आणि 'फ्यूरर' म्हणजे नायक. हल्ला करणाऱ्या पथकाचा वरचा नायक, असे म्हणा.

हिटलरच्या पक्षाची 'एस्. एस्.' ही संघटना १९२५ साली त्याच्या अंगरक्षणासाठी निघाली. ही सरकारी फौज नव्हे, पक्षाची. थाट मात्र फौजेचा हवा होता. १९३३ साली सत्ता हाती आली, माणसे भराभर वाढली, तशा हुद्द्यांच्या पायऱ्याही वाढवाव्या लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ही पायरी घातली गेली. आपल्या लष्करातला लेफ्टनंट कर्नल तो साधारण याच्या बरोबरीचा.

आता खुणा पाहू. कॉलरच्या डाव्या बाजूस काळ्या कापडावर चार चौकोनी रुपेरी टिकल्या आणि शेजारी रुपेरी फीत. उजव्या बाजूस पथकाची खूण. पुष्कळांच्या कॉलरवर ती विजेच्या रेघांसारख्या दोन 'एस्' अक्षरांची असे. याच्या वरचा हुद्दा मिळाला की टिकल्या जाऊन दोन्हीकडे ओकच्या झाडाचे पान येई. म्हणजे पथकाची खूण वागवणारा हा शेवटचा, सर्वांत वरचा अधिकारी. पान मिळायला एकच पायरी उरलेली!

ही एक पायरी ॲडॉल्फ आइखमान याला अखेरपर्यंत चढता आली नाही. १९४१ च्या नोव्हेंबरात तो ओबरश्टुर्मबानफ्यूरर झाला आणि तिथेच राहिला. बर्लिनमधल्या कचेरीत बसून युरोपभरच्या ज्यूंना आगगाड्यांत कोंबून मरणाच्या छावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था तो पाहत असे. १९४४ साली तो स्वतः हंगेरीत गेला. तिथून मे ते जुलै या सुमारे आठ आठवड्यांत चार लाखांहून अधिक ज्यू बाहेर काढले गेले, बहुतेक सारे ऑशवित्झला. त्या ऑशवित्झ छावणीचा पहिला प्रमुख रुडॉल्फ ह्योस, त्याचाही हुद्दा हाच. म्हणजे गाडी पाठवणारा आणि गाडी उतरवून घेणारा, दोघांच्या कॉलरवर त्याच चार टिकल्या. त्या एका छावणीत सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली. ह्योसला १९४७ साली त्याच आवारात फाशी दिले.

आइखमानची गोष्ट मात्र लांबली. १९४५ साली तो अमेरिकनांच्या हाती सापडला, तेव्हा त्याने खोटे नाव तर सांगितलेच, पण हुद्दाही खालचा सांगितला, अगदी सेकंड लेफ्टनंटच्या तोडीचा. बढतीसाठी झुरणारा माणूस आपणहून चार पायऱ्या खाली उतरला, बघा! पुढे तो निसटला, अर्जेंटिनात जाऊन राहिला आणि १९६० साली इस्रायलच्या हेरांनी त्याला उचलला.

१९६१ साली जेरुसलेममध्ये खटला चालला. काचेच्या पिंजऱ्यात साधा सूट घातलेला, चष्मेवाला इसम. ना टिकल्या, ना फीत. त्याचे म्हणणे असे : मी मधला माणूस, वरून हुकूम येई, मी तो पुढे पोचवी. आणि हाच माणूस तपासाच्या वेळी, आपल्याला वरचा हुद्दा का मिळाला नाही आणि त्यात आपली चूक कशी नव्हती, हे पोलीस अधिकाऱ्याला तासन्‌तास सांगत बसे!

न्यायाधीशांनी हे म्हणणे मानले नाही. त्यांनी वेगळा हिशेब मांडला. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात हत्यार स्वतः चालवणाऱ्या हातापासून आपण जसजसे दूर, वरच्या अधिकाराकडे जातो, तसतशी जबाबदारी कमी होत नाही. उलट वाढत जाते, असे त्यांनी निकालात म्हटले. डिसेंबर १९६१ मध्ये शिक्षा सुनावली गेली, अपील फेटाळले गेले आणि १९६२ च्या ३१ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास आइखमानला फाशी झाली.