आळस की आजार?

मनवेलपाड्याहून पहाटे विरार स्टेशन गाठणाऱ्या आपणां पालकांना मूल भेटते ते रात्रीच. ते चिडते, अभ्यास टाकते. आपण म्हणतो, आळशी झाले. आम्ही विचारतो, आवडता खेळही सुटला काय? झोप, भूक बिघडली काय? दोन आठवडे असेच चालले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तरुण वयात तो पुष्कळदा चिडण्यातूनच दिसतो. ‘मरावेसे वाटते का?’ असे विचारण्यास भिऊ नये; विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने, बहुतेकांना गुण येतो. मात्र त्यास काही आठवडे लागतात. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा रात्रंदिवस मोफत आहे. उपदेश मागाहून करू. आज घरी गेल्यावर आधी ऐकून घेऊ.