आयटीआयच्या शेडची एएमसी कोण भरणार?

(मंडळाच्या गाला येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी काटछाट करून)



कार्यकारिणीने मला "कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी" या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी मोठ्या मनाने तो दिला. आता पस्तावले असतील, कारण माझा विषय आहे दहावी-बारावीनंतरचं तांत्रिक शिक्षण, म्हणजे आयटीआय, डिप्लोमा आणि अप्रेंटिसशिप, आणि सरकार त्यासाठी पैसा कसा देतं. विषय रुक्ष आहे, मान्य. बाहेर चहा आणि बटाटेवडे तयार आहेत हेही मला दिसतंय, तेव्हा फार लांबण लावत नाही.

हा विषय गालातच का काढला? या हॉलमधून बाहेर पडून दोन गल्ल्या चालून बघा. गॅरेजेस, ॲल्युमिनियम फॅब्रिकेशन, एसी दुरुस्ती, वेल्डिंगची दुकानं, फर्निचरचे वर्कशॉप. हा सगळा भाग हाताने काम करणाऱ्यांवर चालतो आणि त्या हातांमध्ये आपले मराठी हातही आहेत. आपल्या मंडळातही आहेत. पण एक गंमत मी नेहमी बघतो. ओळख करून देताना बी.ई. झालेला माणूस डिग्री आधी सांगतो, नाव नंतर. आयटीआय झालेला माणूस मात्र "मी टेक्निकल लाइनमध्ये आहे" एवढंच म्हणतो. आवाज थोडा खाली येतो. हा आवाज खाली का येतो, त्यात सरकारच्या पैशाचा काही संबंध आहे का, हे मला आज मांडायचं आहे.

आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी आयटी कन्सल्टंट. कंपन्या नवीन सर्व्हर घेतात, सॉफ्टवेअर घेतात. गो-लाइव्हच्या दिवशी केक कापतात, फोटो काढतात. पुढच्या वर्षी मी एएमसीचा विषय काढला की सगळे छताकडे बघायला लागतात. खरेदीला बजेट असतं, चालवायला नसतं. मस्कतमध्ये राहणाऱ्यांना याहून सोपं उदाहरण देतो. एसी कितीही भारी घ्या, सर्व्हिसिंगचा माणूस आला नाही तर जूनमध्ये काय होतं ते मी सांगायला नको! एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च, हे दोन शब्द कृपया लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या दोन शब्दांची आहे.

आता थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक आणि मग फाळणीत घरदार गमावून आलेले निर्वासित, यांना हाताला काम हवं होतं. त्यातून सरकारी कारागीर प्रशिक्षण उभं राहिलं. १९५० साली केंद्र सरकारची क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम सुरू झाली, तेव्हा देशभरात साधारण पन्नास आयटीआय होते. १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि १ एप्रिल १९६९ पासून आर्थिक जबाबदारीही राज्यांकडे गेली. अभ्यासक्रम आणि सर्टिफिकेट मात्र दिल्लीचं राहिलं.

वाचायला हे साधं वाटतं, पण पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसतं. मास्तरचा पगार, लोखंड, वेल्डिंगचे रॉड, विजेचं बिल हा दरवर्षीचा खर्च राज्याच्या गळ्यात पडला. आणि दिल्लीहून जे मोठे आकडे जाहीर होत राहिले ते बहुतेक 'अपग्रेडेशन'चे, म्हणजे शेड आणि मशीनचे. फीत कापायला मशीन बरं पडतं. मास्तरच्या पगाराची फीत कोणी कापत नाही!

राज्याच्या तिजोरीची अवस्था काय होती याचा एकच नमुना देतो. महाराष्ट्रात आयटीआयच्या मुलांना विद्यावेतन मिळायचं, महिन्याला ४० रुपये. चाळीस! कित्येक वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. शेवटी २०२३ मध्ये सरकारने तो ५०० रुपये केला. चांगलं झालं, पण मधल्या काळात ४० रुपयांत मुलाचा एसटीचा पासही निघत नव्हता.

आता १९८३ कडे या. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजं आणि पॉलिटेक्निक काढायला परवानगी दिली. तोवर सरकारी जागा मोजक्या असल्याने मराठी पोरं कर्नाटकात कॅपिटेशन भरून शिकायला जायची. दादांचा निर्णय झाला, गावोगाव कॉलेजं उभी राहिली. मीही अशाच एका विनाअनुदानित कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तेव्हा त्या निर्णयाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. माझ्यासारखे कितीतरी जण त्या दारातूनच मस्कतला पोचले. पण हिशेब बघा. दरवर्षीचा खर्च सरकारने उचलायचा नाही असं ठरलं, म्हणजे तो पालकांनी उचलला. मग फी वाढली, कोर्टकचेऱ्या झाल्या, फी ठरवणारी समिती आली. पुढे सरकारने गरीब मुलांची फी भरायला सुरुवात केली. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. म्हणजे दारातून बाहेर काढलेला खर्च चाळीस वर्षांनी खिडकीतून आत आला. फक्त आता तो विद्यार्थ्याच्या नावाने येतो, आणि तो यायला उशीर झाला की कॉलेजच्या मास्तरांचे पगार लांबतात.

त्याच १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळ नावाच्या दुष्काळी गावात आणखी एक गोष्ट घडली. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती हे सगळं प्रत्यक्ष काम करून शिकतात, गावासाठी कामं करतात आणि त्यातून खर्चाचा काही भाग निघतो. वसंतदादांच्या निर्णयाची बातमी झाली, पाबळची फारशी झाली नाही. पण माझ्या दोन शब्दांच्या भाषेत सांगायचं तर कलबाग सरांनी सुरुवातच दरवर्षीच्या खर्चाच्या प्रश्नापासून केली. शिकता शिकता केलेलं काम विकलं जाईल इतकं चांगलं असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ते २००३ मध्ये गेले, आश्रम आजही चालू आहे.

पुढची मोठी सुधारणा २००७ ची. केंद्राने १३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायचं ठरवलं. प्रत्येक आयटीआयला अडीच कोटी रुपये बिनव्याजी कर्ज. पहिली दहा वर्षं हप्ता नाही, मग वीस वर्षांत फेड. पैसा एका व्यवस्थापन समितीच्या हातात आणि समितीचा अध्यक्ष उद्योगातला. कल्पना उत्तम! कारखानदारालाच कळतं त्याला कसा फिटर हवाय. पण आपण सगळे एफडीचे व्याजदर पाठ असलेले लोक आहोत, तेव्हा एक गणित करू. अडीच कोटी आठ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला वीस लाख व्याज मिळतं आणि काहीही करावं लागत नाही. तेच पैसे नवीन ट्रेडला लावले तर मशीन येतं, मास्तर नेमावा लागतो, त्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि शेवटी मुद्दलही परत करायचं असतं. समितीवरच्या माणसाचा हेतू कितीही चांगला असो, व्यवस्था त्याला कुठे ढकलते ते बघा. कर्जाच्या पैशातून कायमचा पगार द्यायला कोणीही शहाणा माणूस कचरतो.

मग २०१५ मध्ये पंतप्रधान कौशल्य विकास योजना आली. त्यात थोड्या महिन्यांचे कोर्सेस आणि ट्रेनिंग सेंटरला डोईमागे पैसे. डोईमागे पैसे म्हटलं की डोकी मोजली जातात, हात मोजले जात नाहीत. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इंग्लंडने २००० साली प्रत्येक शिकणाऱ्याच्या नावाने अनुदान देणारी 'लर्निंग अकाउंट'ची योजना काढली. इतक्या बोगस संस्था उगवल्या की पुढच्याच वर्षी, २००१ च्या नोव्हेंबरमध्ये, ती घाईघाईने बंद करावी लागली. त्याच इंग्लंडने २०१७ मध्ये वेगळा रस्ता धरला. ज्या कंपन्यांचा वर्षाचा पगारखर्च तीस लाख पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून वरच्या रकमेवर अर्धा टक्का घ्यायचा आणि तो अप्रेंटिसशिपसाठी वापरायचा. त्यावरही टीका झाली, पण निदान पैसा दरवर्षी येतो.

आणि आपण जिथे राहतो त्या ओमानने काय केलं? १९८४ मध्ये इथे टेक्निकल कॉलेज सुरू झालं, पुढे देशभर टेक्नॉलॉजी कॉलेजं निघाली. २०२० मध्ये शाही फर्मानाने ही कॉलेजं आणि अप्लाइड सायन्सची कॉलेजं एकत्र करून एकच विद्यापीठ केलं. म्हणजे डिप्लोमाचं कॉलेज विद्यापीठाच्या बाहेर न ठेवता त्याला आत घेतलं. आपल्याकडे मात्र आयटीआय एका खात्याकडे, पॉलिटेक्निक दुसऱ्या. मुलगा एका दारातून दुसऱ्या दारात जातो तेव्हा खिडक्या बदलतात, फॉर्म बदलतात.

आता ताजी बातमी. ७ मे २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारण्यासाठी पाच वर्षांची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. एक हजार सरकारी आयटीआय त्यात येणार. आकडा ऐकून छाती फुगते, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. त्यात ५०,००० प्रशिक्षकांना प्रशिक्षण देण्याचाही कार्यक्रम आहे, म्हणजे कोणाला तरी मास्तरची आठवण झाली. पण प्रशिक्षण घ्यायला आधी त्या खुर्चीवर माणूस नेमलेला असावा लागतो. आणि नेमणूक, पगार, कच्चा माल ही वर्षाची बाजू अजूनही राज्यांकडेच आहे. रोबोटचा हात येईल. तो सहाव्या वर्षी बिघडला तर एएमसी कोण भरणार, हा माझा प्रश्न आहे.

इथे कोणी काका म्हणतील, "अरे, पण सरकारी पगार घेऊन शिकवतात तरी का?" रास्त प्रश्न आहे. सगळे शिकवत नाहीत. पण इथल्याच एका वर्कशॉपमध्ये फोरमन असलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या आपल्या एका काकांचं ऐका. फिटर ट्रेडला पहिले कित्येक दिवस मास्तरने त्यांना फक्त लोखंडाचा ठोकळा कानशीने घासायला लावला. गुण्या लावून उजेडात धरायचा, फट दिसली की परत घास. "हातात माप तिथे आलं," काका म्हणतात. आज ते नुसत्या बोटाने पृष्ठभाग बरोबर आहे की नाही ते सांगतात. या शिक्षणात महागडं मशीन नव्हतं. लोखंडाचा ठोकळा होता, कानस होती आणि रोज फट दाखवणारा माणूस होता. उलट आमच्या कॉलेजात एक झकास लॅब होती, प्लॅस्टिकची कव्हरं घातलेली, कारण ती चालवणारा माणूस नेमलेलाच नव्हता. इन्स्पेक्शनच्या दिवशी तेवढी कव्हरं निघायची.

म्हणून मला वाटतं, सुधारणा मोजायची तर दोन आकडे मागावेत. प्रत्येक आयटीआयने दारावर पाटी लावावी: मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि वर्षात एका मुलामागे कच्च्या मालावर किती रुपये खर्च झाले. मूठ मूठ रॉड जाळल्याशिवाय वेल्डरचा हात बसत नाही. हे दोन आकडे सुधारले तर बाकीचं आपोआप दिसेल.

शेवटी, आपण काय करायचं? तीन गोष्टी सुचवतो.

एक, आपल्यातले बरेच जण गावच्या संस्थांना देणग्या देतात. खोली बांधून त्यावर आईवडिलांच्या नावाची फरशी लावतात. भावना मोलाची आहे. पण यंदा एखाद्या आयटीआयच्या प्राचार्यांना विचारून बघा, "वर्षभराचे रॉड आणि पत्रा दिला तर चालेल?" किंवा चार-पाच घरांनी मिळून एका जादा शिक्षकाचं वर्षाचं मानधन उचलावं. फरशी लागणार नाही, पण शेड चालू राहील.

दोन, सुट्टीवर जाल तेव्हा दोन दिवस तालुक्याच्या आयटीआयमध्ये द्या. गालातल्या वर्कशॉपमध्ये सेफ्टीचे नियम काय असतात, ड्रॉइंग कसं वाचावं लागतं, करारावर सही करण्याआधी काय बघावं, हे तिथल्या मुलांना तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार?

तीन, आपली मुलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आखाती देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्याची आपण सगळे चौकशी करतोच. पण दुसरी शिडीही माहीत असू द्या: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एखाद्याला हाताने काम करायची आवड असेल तर त्याला "मार्क कमी पडले म्हणून" तिकडे पाठवू नका, आवड आहे म्हणून पाठवा.

आणि पुढच्या वेळी मंडळात नवीन सभासदांची ओळख होईल तेव्हा आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव घेऊन, मोठ्याने सांगावं ही माझी आग्रहाची विनंती. टाळ्या मी सुरू करीन.

मघाचे फोरमन काका मागच्या रांगेत बसले आहेत. प्रश्न असतील तर थोडे त्यांनाही विचारा, माझ्यापेक्षा चांगली उत्तरं मिळतील. वडे गार होत आहेत.