मनाचे दुखणे लपवायचे कशाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी कुही येथे एका समुपदेशक भगिनीने केलेले भाषण)



कमिटीच्या मंडळींनी मला म्हटले, ताई, तुम्ही नेमके करता काय ते लोकांना एकदा सांगून टाका. कारण माझ्याबद्दल दोन समज आहेत. एक, मी पागलखान्याची डॉक्टरीण आहे. दुसरा, मी गोडगोड बोलून समजूत काढणारी बाई आहे. दोन्ही खरे नाहीत. मी मानसशास्त्रात एम.ए. केले, पुढे समुपदेशनाचे शिक्षण घेतले. मी गोळ्या लिहून देत नाही, तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. माझे काम बोलण्याचे, आणि त्याहून जास्त ऐकण्याचे.

कोणी म्हणेल, ऐकाले तर शेजारीण बी आहे. आहे ना जी! पण ती आज ऐकते आणि उद्या नळावर सांगते. शिवाय अर्धे ऐकूनच सल्ला देते, "सहन कर, लेकरांकडे पाय."

किसा गोतमी मेलेले लेकरू घेऊन तथागतांकडे आली, ती कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. तथागतांनी तिला आधी अनित्यतेचे प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार फिरली, लोकांचे दुःख ऐकले, आणि सत्य तिचे तिलाच उमगले. मीही उत्तर हातात देत नाही. प्रश्न विचारते.

माझी पद्धत बरीचशी अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची. 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, आणि प्रा. कि. मो. फडके यांनी तो मराठी माणसापर्यंत आणला. समजा, पोलीस भरतीत पोरगा राहून गेला. ही झाली घटना. "आता मी कोणत्याच कामाचा नाही" हा त्याचा विचार. पोरगा खचतो तो जास्त करून या विचाराने. मग आम्ही दोघे मिळून तो विचार तपासतो. याला पुरावा काय? कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे तर आपल्याला नवीन नाही.

पण प्रत्येक दुःखाला विचारच जबाबदार असतो असे मी मानत नाही. होस्टेलवर ज्या मुलीला जात विचारून वेगळे बसवले, तिला "तू मनावर घेऊ नको" म्हणणे हा दुसरा अपमान आहे. गोसीखुर्दच्या पाण्यात ज्याचे घर-वावर गेले, तो म्हातारा पुनर्वसनाच्या वस्तीत दिवसभर ओट्यावर बसून राहतो. लोक म्हणतात, पैसे तर भेटले ना! त्याला आधी रडू तरी द्या.

आता थोडे कडू बोलते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. तरी सून अबोल झाली, की रात्रीच्या अंधारात तिला बाबाकडे नेणारी घरे आपल्यातही आहेत. जादूटोणाविरोधी कायदा होऊन 2013 पासून इतकी वर्षे झाली! आणि शिकलेले लोक उलट सांगतात, वंदना करा, विपश्यना करा, सगळे जाईल. मी स्वतः ध्यान करते. पण ज्याला चार रात्री झोप नाही, कानात आवाज येतात, त्याला आधी डॉक्टर पाहिजे. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आहे का, असे विचारतात ते उगीच नाही. साप चावल्यावर आपण नुसता परित्राण पाठ म्हणत बसतो काय? बौद्ध असून मन ताब्यात नाही, या शरमेनेच आपली माणसे गप्प राहतात. दारूचेही तसेच. पंचशील मोडले म्हणून माणसाला घालूनपाडून बोलले, की तो विहारात येणेच सोडतो. दारू मात्र सुटत नाही.

तुम्ही सांगितलेले माझ्याजवळच राहते, नवऱ्यालाही नाही, सासूलाही नाही. अपवाद दोन. कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर मला सांगावे लागते. हे मी पहिल्याच भेटीत बोलून घेते.

जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलले, तर "असे अशुभ बोलू नये" म्हणू नका. सरळ विचारा, ऐका, एकटे सोडू नका. घरातली फवारणीची औषधे त्या दिवशीच कुलूपबंद करा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखालील मानले आहे, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

दर दुसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर मी विहाराच्या मागच्या खोलीत बसते. एका भेटीला पाऊण तास, फी नाही. पहिल्या भेटीत सगळेच सांगितले पाहिजे असे नाही, कोणी नुसते बसून गेले तरी चालते. औषधाची गरज दिसली तर नागपूरला मेडिकलमध्ये किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवते, चिठ्ठी देते. इथे येताना कोणी पाहील असे वाटत असेल, त्यांच्यासाठी सरकारचा 14416 हा फोन आहे. 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येते. नंबर बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

जयभीम, नमो बुद्धाय!